फ्रान्सच्या खेड्यांतली वारसास्थळं आणि हस्तकला-संग्रहालयं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला जाऊन आलेले बहुतेक मराठी लोक पॅरिस, व्हर्साय आणि जमलंच तर दक्षिणेचा समुद्रकिनारा पाहून परततात. माग, भट्टी, ऐरण किंवा कुंभाराचं चाक चालताना तासभर उभं राहून पाहायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेक उत्तरांत एकच सल्ला पुन्हा पुन्हा येईल: जागा ठरवण्याआधी तिथे काम कोणत्या दिवशी चालतं ते बघा आणि बाकीचा प्रवास त्याभोवती बसवा. थंड भट्टी आणि झाकलेला माग पाहण्यासाठी एवढं लांब जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खेड्यातलं संग्रहालय म्हणजे नेमकं काय पाहायला मिळतं?

साधारण तीन प्रकारच्या जागा असतात. पहिला प्रकार चालू कारखान्याचा किंवा कार्यशाळेचा. तिथे माल आजही बनतो आणि तिकीट काढून तो बनताना पाहता येतो. दुसरा प्रकार गावाने किंवा स्थानिक मंडळाने सांभाळलेल्या छोट्या संग्रहालयाचा. तिथे जुनी अवजारं असतात, आणि नशीब चांगलं असेल तर ती वापरून दाखवणारा एखादा निवृत्त कारागीरही भेटतो.

तिसरा प्रकार 'एकोम्युझे'. १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये हा विचार रुजला. वस्तू उचलून शहरातल्या कपाटात ठेवण्यापेक्षा घर, शेत, जनावरं आणि कसब यांसह अख्खा परिसरच जपायचा, अशी ही कल्पना. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लांद भागातलं मार्केझ याचं सुंदर उदाहरण आहे. साब्र गावाच्या स्टेशनातून जुन्या डब्यांच्या छोट्या आगगाडीत बसायचं आणि पाइनच्या जंगलातून या वस्तीवर उतरायचं. पाहुण्यांसाठी दुसरा रस्ताच नाही. आज सगळीकडे पाइन दिसतात, पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इथे दलदलीचं माळरान होतं आणि मेंढपाळ उंच लाकडी पायांवर चढून कळप राखत. १८५७ च्या कायद्याने जमिनीतलं पाणी काढून पाइन लावायला सुरुवात झाली. मेंढ्या गेल्या, झाडांच्या खोडांतून राळ काढण्याचा धंदा आला आणि पुढे तोही मावळला. मार्केझमध्ये हिंडताना हा सगळा बदल घरांच्या आणि शेतांच्या रचनेतून कळतो.

अल्सासमध्ये म्युलूझजवळ उंगर्सहाइमचं एकोम्युझे आहे, ते १९८४ मध्ये सुरू झालं. पाडली जाणार होती अशी लाकडी चौकटीची घरं तुकड्यातुकड्याने उचलून इथे पुन्हा उभी केली आहेत. लोहार, कुंभार आणि खोगीर शिवणारे कामात असतात आणि छपरांवर करकोच्यांची घरटी असतात.

वर्षातून कधी जावं?

मे महिन्याचा शेवट, जून आणि सप्टेंबर. हिवाळ्यात खेड्यांतल्या बऱ्याच जागा बंद असतात. १ नोव्हेंबरच्या सुट्टीनंतर दारं लागतात ती मार्च-एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुमारास उघडतात.

ऑगस्टबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण भारतातून अनेकजण जुलै-ऑगस्टचीच तिकिटं काढतात. संग्रहालयं तेव्हा रोज आणि जास्त वेळ उघडी असतात, पण स्वतःची कार्यशाळा चालवणारे कारागीर अनेकदा ऑगस्टमध्येच रजेवर जातात. त्यामुळे गर्दी भरपूर आणि प्रत्यक्ष काम कमी, असं होऊ शकतं. ऑगस्ट टाळता येत नसेल, तर जिथे पाहुण्यांसाठी रोज प्रात्यक्षिक असतं अशाच जागा निवडा.

तीन तारखा मात्र लक्षात ठेवाव्यात. एप्रिलच्या सुरुवातीला हस्तकलांचे युरोपीय दिवस असतात. तेव्हा एरवी बंद असलेल्या कार्यशाळाही लोकांसाठी उघडतात. जूनच्या शेवटाकडच्या एका शनिवार-रविवारी ग्रामीण वारसा आणि पाणचक्क्यांचे दिवस असतात. आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन. १९८४ मध्ये फ्रान्सने सुरू केलेला हा उपक्रम पुढे युरोपभर पसरला. त्या दोन दिवसांत खासगी वाडे, जुन्या गिरण्या आणि सरकारी इमारती उघडतात, अनेक ठिकाणी मोफत. मला विचाराल तर खेड्यांसाठी यांतला जूनचा शनिवार-रविवार सर्वांत चांगला. गर्दी बेताची असते आणि पाणचक्की फिरवून दाखवणाऱ्या माणसाकडे बोलायला वेळ असतो.

सोमवारी काय उघडं असतं?

फार थोडं. संग्रहालयांची सुट्टी सहसा सोमवारी किंवा मंगळवारी असते आणि खेड्यांत सोमवारी बेकरीसुद्धा बंद असू शकते. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा लांबचा प्रवास सोमवारी ठेवावा. रोज दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते, ती गृहीत धरा. १ मे, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दिवशी जवळजवळ सगळंच बंद. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी थांबतो, म्हणून साडेपाचला पोहोचून काही उपयोग नसतो.

एका आठवड्यात किती जागा होतील?

एकच प्रदेश घ्या आणि दिवसाला एक मोठी जागा, फार तर सोबत एक छोटी. अल्सासपासून ब्रिटनीपर्यंत सगळं एका आठवड्यात कोंबलं तर निम्मा वेळ रस्त्यावर जातो. पहिल्या वेळेसाठी मी दोनच भाग सुचवेन. एक, बरगंडीचा उत्तर भाग: गेदलाँचा किल्ला, व्हेझलेचं चर्च आणि फोंतनेचा मठ. दुसरा, मध्य फ्रान्समधला ओव्हेर्न्य आणि क्रूझ: तिएर, आँबेर आणि ओब्यूसाँ. पहिला भाग पॅरिसहून सोपा पडतो. दुसऱ्याला वेळ जास्त लागतो, पण कारागिरीची आवड असेल तर तोच निवडावा.

गेदलाँला नवा किल्ला बांधतात म्हणे. मग तो वारसा कसा?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तिथे गेल्यावर पाच मिनिटांत मिळतं. बरगंडीतल्या त्रेन्यी गावाजवळच्या जंगलात, एका जुन्या दगडखाणीत, १९९७ पासून तेराव्या शतकातला किल्ला बांधणं सुरू आहे. अवजारं आणि रीत त्याच काळातली. दगड तिथल्याच खाणीतला, ओकचं लाकूड त्याच जंगलातलं, कौलांची मातीही जवळचीच. दगड वर चढवायला भलंमोठं लाकडी चाक आहे. माणूस त्याच्या आत चालतो, चाक फिरतं, दोर गुंडाळला जातो आणि शेकडो किलोंचा दगड शांतपणे वर जातो. काटकोन काढायला समान अंतरावर गाठी मारलेला दोर असतो: तीन, चार, पाच भागांचा त्रिकोण ताणला की कोपरा बरोबर बसतो. सुरक्षेसाठी डोक्यावर शिरस्त्राण आणि पायांत जाड बूट मात्र आजचे असतात.

मध्ययुगातल्या इमारती कशा बांधल्या याबद्दलच्या तर्कांची परीक्षा इथे प्रत्यक्ष होते. कमान बांधून झाल्यावर खालचा लाकडी साचा काढतात, तेव्हा ती उभी राहते की नाही ते सगळ्यांसमोर कळतं. २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं छत जळालं. पुढे कुऱ्हाडीने ओक तासून ते पुन्हा उभारायचं ठरलं, तेव्हा ही विद्या हाताने जाणणारे सुतार देशात होते. त्यांतले काही गेदलाँत घडलेले होते. हाताला सवय राहिली तरच विद्या राहते, हे यापेक्षा स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

थंडीत चुन्याचा गारा गोठून वाया जातो, त्यामुळे हिवाळ्यात काम थांबतं. मार्चच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पाहुण्यांना प्रवेश असतो, पण गर्दीचा काळ सोडला तर आठवड्यातला एखादा दिवस बंद असतो. अख्खा दिवस राखून ठेवा. पाऊस पडला की चिखल होतो, म्हणून चांगले बूट घाला. आणि दगड घडवणाऱ्यांना, लोहाराला, रंग बनवणाऱ्यांना बिनधास्त प्रश्न विचारा. उत्तरं देणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

मला विणकामात रस आहे. कुठे जाऊ?

ओब्यूसाँ. क्रूझ नदीकाठचं हे छोटं गाव पंधराव्या-सोळाव्या शतकापासून भिंतीवर लावायच्या विणीव चित्रांसाठी ओळखलं जातं. सतराव्या शतकात इथल्या कार्यशाळांना राजाश्रय मिळाला. ही विद्या २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आणि २०१६ मध्ये गावात आंतरराष्ट्रीय टेपेस्ट्री केंद्र, म्हणजे अशा विणीव चित्रांचं केंद्र, उघडलं.

येवल्या-पैठणचा माग पाहिलेल्या माणसाला इथे फार लवकर ओळख पटेल. पैठणीच्या पदरात मोर किंवा कमळ उमटतं ते वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे आपापल्या जागेपुरते फिरवून आणि शेजारच्या रंगात अडकवून. ओब्यूसाँची मूळ रीतही तीच: आडवा धागा पूर्ण रुंदी ओलांडत नाही, आपला रंग संपला की मागे वळतो. फरक पुढे सुरू होतो. पैठणीत रेशीम आणि जर, इथे सुती ताणा (उभे धागे) आणि लोकरीचा बाणा (आडवे धागे). शिवाय ओब्यूसाँचा विणकर उलट्या बाजूने विणतो. ताण्याच्या खाली चित्राचा पूर्ण आकाराचा नमुना पसरलेला असतो आणि सुलट बाजू मागाच्या खाली असते. काम कसं उतरतंय हे पाहायचं तर तो खालून छोटा आरसा सरकवतो. विणलेला भाग गुंडाळला जातो, त्यामुळे पूर्ण चित्र मागावरून कापून उतरवल्यावरच पहिल्यांदा दिसतं. नक्षी बारीक असेल तर एका माणसाला चौरस मीटरभर कापडाला महिना किंवा त्याहूनही जास्त लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हा धंदा जुन्या चित्रांच्या नकला करता करता थकला होता. चित्रकार झाँ ल्युर्सा याने रंगांची संख्या मुद्दाम कमी केली, वीण जाड केली आणि खास मागासाठीच चित्रं काढली. केंद्रातली दालनं हा बदल नीट दाखवतात. वेळ असेल तर शेजारच्या फेलताँ गावीही जा. या विणकामाची परंपरा तिथेही तेवढीच जुनी आहे आणि लोकर कातण्याची जुनी गिरणी पाहता येते.

सुईच्या कामाची आवड असेल तर नॉर्मंडीतलं अलाँसों. इथली सुईने केलेली लेस २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. एक चौरस सेंटिमीटर लेसला सात तास लागतात आणि पूर्ण शिकायला सात ते दहा वर्षं. संग्रहालयात भिंगं ठेवलेली असतील तर जरूर वापरा, नुसत्या डोळ्यांनी टाका दिसत नाही.

तांब्या-पितळेचं काम कुठे पाहता येईल?

नॉर्मंडीतल्या व्हिलदिअ-ले-प्वाल इथे. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाला तिथला ठोक्यांचा आवाज परका वाटणार नाही. मठारकामाची तत्त्वंही तीच: पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर किंवा ऐरणीवर धरून एका लयीत ठोकायचा, ठोके शेजारी-शेजारी पडले की भांडं घट्टही होतं आणि चकाकतंही. आतून कल्हई करणारेही इथे आहेत. मध्ययुगापासून गावाचा हाच धंदा आहे.

याच गावात घंटा ओतण्याचा कारखाना आहे. नोत्र-दामला २०१३ मध्ये ज्या नव्या घंटा चढल्या त्यांतल्या आठ इथे ओतल्या गेल्या. साचा बनतो तो माती, घोड्याची लीद आणि बकरीचे केस यांच्या मिश्रणातून. लीद आणि केस यांमुळे तापलेल्या साच्यातून वाफ बाहेर पडते आणि साचा फुटत नाही. हे सगळं चालू असताना पाहता येतं. प्रत्यक्ष धातू ओतण्याचा दिवस मात्र आधी विचारूनच कळेल. पॅरिस ते ग्रानव्हिल या रेल्वेमार्गावर हे गाव असल्यामुळे गाडी न चालवणाऱ्यांनाही सहज जमतं.

तिएर आणि आँबेर एकत्र करता येतील का?

नक्की करा. दोन्ही ओव्हेर्न्यमध्ये, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर.

तिएर हे चाकू-सुऱ्यांचं गाव. खोल दरीतून ड्युरोल नदी जोरात उतरते आणि तिच्या पाण्यावर सहाणेची चाकं फिरत. धार लावणारा कारागीर फळीवर पालथा झोपून, शरीराचा भार पात्यावर देऊन दिवसभर काम करी. खालून ओल, वरून थंडी, म्हणून पाय उबदार राहावेत यासाठी कुत्रा पायांवर बसवलेला असे. जुन्या छायाचित्रांत ते कुत्रे दिसतात. संग्रहालय गावात आहे, तर नदीच्या वरच्या अंगाला 'सहाणांची दरी' आहे. तिथली जुनी कार्यशाळा उन्हाळ्यात उघडते. संग्रहालयात धार लावून आणि मूठ बसवून दाखवतात.

आँबेरजवळचा रिशार द बा हा कागदाचा कारखाना. पाणचक्कीवर लाकडी हातोडे उचलले जातात आणि कुंडातल्या चिंध्यांवर पडतात. लगदा झाला की जाळीच्या चौकटीने तो पाण्यातून उचलायचा, हलवून पाणी निथळवायचं, ताव लोकरीच्या कापडावर उलटायचा, दाबायचा आणि माळ्यावर दोऱ्यांवर वाळवायचा. पुण्याच्या हातकागद संस्थेत ज्यांनी चौकट हातात धरली आहे, त्यांना इथलं काम लगेच उमगेल. इथे लगद्यात ताज्या फुलांच्या पाकळ्या घालून केलेला कागद प्रसिद्ध आहे. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या मोंगोल्फिए बंधूंचं घराणंही मूळचं कागद बनवणाऱ्यांचं. त्यांचा पहिला फुगा उडाला त्या आनोने गावात ही गोष्ट आवर्जून सांगतात.

भारताशी खरा संबंध असलेलं काही आहे का?

आहे, आणि तो कापडात आहे. सतराव्या शतकात भारतातून, विशेषतः कोरोमंडल किनाऱ्यावरून, रंगीत छापील आणि हाताने चितारलेलं सुती कापड फ्रान्समध्ये आलं. सुती कापडावर छापलेला आणि धुतल्यावरही न जाणारा असा रंग तिथल्या लोकांना नवा होता. मागणी एवढी वाढली की रेशीम आणि लोकर विणणारे घाबरले आणि १६८६ मध्ये सरकारने असं कापड आणण्यावर आणि छापण्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. त्या काळातही लोक ते चोरून वापरत. लाल रंगाचं रहस्य तुरटी आणि रंग देणाऱ्या वनस्पतींच्या मुळांच्या जोडीत होतं. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या जेझुइट पाद्रीने भारतातल्या रंगाऱ्यांकडून ही पद्धत समजून घेऊन तिचं तपशीलवार वर्णन पत्रातून फ्रान्सला पाठवलं. तमिळ आणि तेलुगू प्रदेशातल्या ज्या माणसांनी ते शिकवलं त्यांची नावं आज आपल्याला माहीत नसावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बंदी उठल्यावर १७६० मध्ये ओबेरकांफ याने व्हर्सायजवळ झुई-आँ-झोझास इथे छपाईचा कारखाना काढला. आज तिथे संग्रहालय आहे. लाकडी ठशांपासून तांब्याच्या पत्र्यांपर्यंतचा प्रवास तिथे पाहता येतो. ते पॅरिसहून लोकल गाडीने होतं.

दुसरी जागा अगदी वेगळी आहे. द्रोम जिल्ह्यातल्या ओतरिव्ह गावच्या फेर्दिनाँ शव्हाल या पोस्टमनने १८७९ ते १९१२ या काळात, टपाल वाटता वाटता गोळा केलेल्या दगडांतून, एकट्याने एक महाल बांधला. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीत छोटं हिंदू मंदिर आहे आणि मशीदही. तो भारतात कधी आला नव्हता. सचित्र मासिकं आणि पोस्टकार्डं हीच त्याची तीर्थयात्रा. १९६९ मध्ये सरकारने या महालाला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला.

रेशीम शिकायचं असेल तर सेव्हेन डोंगरातलं सँ-झाँ-द्यु-गार. तिथलं संग्रहालय जुन्या रेशीम-गिरणीत आहे. घरोघरच्या बायका रेशीमकिड्यांची अंडी पिशवीत घालून अंगाच्या उबेवर उबवत. कोष उकळत्या पाण्यात सोडून तार काढणाऱ्या मुलींचे हात सोललेले असत. हे कष्ट संग्रहालय झाकत नाही, म्हणून ते मला आवडतं.

गाडीशिवाय जमेल का?

काही ठिकाणी. व्हिलदिअ, अलाँसों आणि झुई यांचा उल्लेख वर आलाच. पूर्वेकडच्या फ्रांश-काँते भागातलं आर्क-ए-सनाँचं राजेशाही मिठागरसुद्धा स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. वास्तुरचनाकार लदू याने १७७५ ते १७७९ मध्ये बांधलेला हा अर्धवर्तुळाकार कारखाना आहे. सालाँ-ले-बाँ गावातलं खारं पाणी सुमारे २१ किलोमीटर लाकडी नळांतून इथे आणत, कारण आटवायला लागणारं जळण इथल्या जंगलात होतं. दोन्ही जागा युनेस्कोच्या यादीत आहेत.

गेदलाँ, मार्केझ आणि आँबेरला मात्र गाडी लागतेच. खेड्यांतल्या बस शाळेच्या वेळेवर चालतात. सुट्ट्यांत त्याही कमी होतात.

गाडी चालवताना काय सांभाळावं?

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. गाडी उजवीकडून चालवायची हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं: खेड्यात चौकावर पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो अगदी बारक्या गल्लीतून येत असला तरी. पांढऱ्या काठाचा पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला तर आधी जाण्याचा हक्क तुमचा. त्यावर काट मारलेली दिसली की तो संपला. दुभाजक नसलेल्या बाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा बहुधा ८०, वस्तीत ५०. रविवारी पेट्रोल पंपांवर माणूस नसतो आणि यंत्र काही कार्डं घेत नाही, म्हणून शनिवारीच टाकी भरा.

फ्रेंच येत नाही, अडेल का?

मोठ्या जागी इंग्रजी माहितीपत्रक मिळतं. छोट्या जागी सगळं फ्रेंचमध्येच असतं आणि फोनवरचं भाषांतर पुरेसं ठरतं. पण आत शिरताच 'बाँजूर' म्हणायला विसरू नका. दुकान असो, कार्यशाळा असो, बस असो, आधी 'बाँजूर मादाम' किंवा 'बाँजूर म्युस्य', मग प्रश्न. ते न म्हणता थेट विचारलं तर समोरच्याला उद्धटपणा वाटतो आणि पुढचं बोलणं आखडतं घेतलं जातं. निघताना 'मेर्सी, ओ रव्वार'. कारागिरांशी भाषा नसतानाही बरंच बोलता येतं. तुम्ही अवजाराकडे बोट दाखवलंत की तो वापरून दाखवतो.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी राहावं लागत नाही, पण तयारी हवी. ग्रामीण फ्रान्समध्ये सॅलडवरही डुकराच्या चरबीचे तुकडे, म्हणजे 'लार्दों', टाकतात आणि सूपमध्ये मांसाचा अर्क असू शकतो. एवढं वाक्य पाठ करा: 'ज स्वी व्हेजेतारियें, साँ व्यांद, साँ प्वासों, साँ लार्दों.' म्हणजे मी शाकाहारी आहे; मांस, मासे, लार्दों काही नको. अंडं चालत असेल तर ऑम्लेट कुठेही मिळतं. ब्रिटनी आणि नॉर्मंडीत कुट्टूच्या पिठाची 'गालेत' मागा, चीज आणि अंडं घालून, हॅम नको असं सांगून. ओब्राक भागात बटाटा, ताजं चीज, साय आणि लसूण घोटून केलेला 'आलिगो' पोटभर होतो. त्यासोबत येणारं सॉसेज नको म्हणायचं. चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुपारचं जेवण बारा ते दीडमध्ये मागा. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सातपर्यंत काही मिळत नाही. जैन मंडळींनी किंवा ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलं 'जीत', म्हणजे भाड्याचं घर, घ्यावं. गावच्या बाजारातून भाजी आणायची आणि सोबतची तांदूळ-डाळ शिजवायची. यात जेवणाची चिंता मिटते.

आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर?

मुलांना गेदलाँ आणि उंगर्सहाइम सर्वांत आवडतं. मोकळी जागा, जनावरं आणि दगड कोरून बघण्यासारख्या गोष्टी असतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी जुने किल्ले, मठ आणि दगडी गल्ल्या अवघड जातात, लिफ्ट क्वचितच असते. ओब्यूसाँच्या केंद्राची इमारत नव्याने सजवलेली असल्यामुळे सोयीची आहे.

मठ आणि चर्चमध्ये कसं वागावं?

जिथे प्रार्थना चालू असते तिथे त्या वेळात हिंडू नये, फ्लॅश वापरू नये, एवढं पुरे. फोंतनेचा मठ १११८ मध्ये स्थापन झाला. तिथे पाहण्यासारखी विशेष गोष्ट म्हणजे भिक्षूंची लोहारशाळा. पाण्यावर चालणारा मोठा हातोडा तिथे पुन्हा बसवला आहे. चर्च पाहून लगेच परत फिरू नका.

ओरादूर-स्युर-ग्लान मात्र वेगळं आहे. १० जून १९४४ रोजी जर्मन एसएस सैनिकांनी या गावात ६४० हून अधिक माणसं मारली आणि गाव जाळलं. ते जसंच्या तसं राखलं आहे. लिमोजला जाणारे बरेचजण तिथे थांबतात. तिथे मोठ्याने बोलू नये, हसत सेल्फी काढू नयेत, आणि लहान मुलांना नेण्याआधी विचार करावा.

फोटो काढले, वस्तूंना हात लावला तर चालतं?

कारागिराचा फोटो विचारून काढा. नव्या नक्षीचं काम मागावर असेल तर नकार मिळू शकतो, तो मान्य करा. हात लावण्याची परवानगी मागितली तर बहुतेकजण स्वतःहून वस्तू हातात देतात.

खरेदी करायची तर?

जिथे बनताना पाहिलं तिथेच घ्या, जरी महाग वाटलं तरी. पर्यटनस्थळांवर 'लागिओल' या नावाचे स्वस्त चाकू ढिगाने दिसतील. ते नाव दीर्घकाळ कोणीही वापरू शकत होतं, त्यामुळे त्यातले कित्येक फ्रान्समध्ये बनलेलेच नसतात. पात्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव पाहा. चाकू विमानात चेक-इन सामानातच जातो आणि रस्त्यावर खिशात बाळगू नये.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना एकाच दुकानात १०० युरोंपेक्षा जास्त खरेदीवर कर परत मिळू शकतो. दुकानदाराकडे 'देताक्स'चा कागद मागा, पासपोर्ट दाखवा आणि निघताना विमानतळावरच्या यंत्रावर तो स्कॅन करा. अगदी छोट्या कार्यशाळांत ही सोय नसते. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा लाभ मिळत नाही.

नुसतं पाहून समाधान होत नाही, काम करता येईल का?

येईल, आणि हे मी सगळ्यांत आग्रहाने सुचवेन. बऱ्याच कार्यशाळांत अर्ध्या दिवसाचे वर्ग असतात: कागदाचा ताव उचलणं, चाकूची मूठ बसवणं, काचेचा गोळा फुंकणं. काचेसाठी लॉरेनमधलं मायझांताल उत्तम आहे. प्रसिद्ध काचकलाकार एमिल गाले याने अनेक वर्षं तिथे काम करून घेतलं. ख्रिसमसच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे हाताने फुंकून बनवताना तिथे पाहता येतात.

जास्त दिवस हाताशी असतील तर 'राँपार' या संघटनेच्या शिबिरांची माहिती घ्या. १९६६ पासून ती देशभरातल्या स्थानिक मंडळांना जोडते. स्वयंसेवक पडके किल्ले, गिरण्या, चर्च आणि दगडी बांध दुरुस्त करतात. उन्हाळ्यात शिबिरं भरतात, जेवणाखाण्यासाठी थोडे पैसे घेतात, परदेशी लोकांचं स्वागत असतं आणि पूर्वी गवंडीकाम केलेलं असण्याची अट नसते. सकाळी चुना कालवायचा, दगड बसवायचे, दुपारी परिसर बघायचा. प्रौढांसाठीची शिबिरं अठरा वर्षांपासून सुरू होतात, काही ठिकाणी किशोरवयीन मुलांसाठी वेगळी असतात. व्हिसाच्या अर्जात शिबिराचा उल्लेख आणि त्यांचं पत्र जोडा. जागा वसंतातच भरतात, म्हणून जुलैला जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नाव नोंदवा आणि कामाचे हातमोजे स्वतःचे न्या.